साखळीच्या आतली बी

धुवायचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मी प्रत्येक खिसा उलटा करून बघते. त्या रविवारी रात्री लेकीच्या जांभळ्या जॅकेटच्या खिशातून केसांचा एक रबर, चुरगळलेला टिश्यू आणि ओकची एक बी निघाली. बोराएवढी, हिरवट-तपकिरी, डोक्यावर खरबरीत टोपी. दिवसभर खिशात राहून गरम झाली होती. मी ती तळहातावर घेऊन तिच्या खोलीत गेले आणि विचारलं, "ही कुठली? साखळीच्या बाहेरची की आतली?" ती नऊ वर्षांची आहे, अजून खोटं बोलायला शिकलेली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आतली." माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "म्हणजे चोरी केलीस तू." तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. जरा थांबून म्हणाली, "पण आई, तूच सांगितलंस ना, कुणीतरी बी नेली म्हणून हे झाड आहे?"

मी म्हटलं, "पुरे आता. झोप."

दिवा मालवून बाहेर आले, मशीन लावलं आणि बी हातात घेऊन तिथेच बसून राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता. मला उत्तर सुचलं नाही, याचं एवढं नव्हतं. तो 'चोरी' शब्द मी ज्या सुरात बोलले, तो सूर माझा नव्हता. कुडाळजवळच्या एका घराच्या पडवीत चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला होता तो.

आम्ही अटलांटाच्या बाहेर राहतो. तिथून सवा-दीड तासावर अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे फिनली स्ट्रीट आणि डिअरिंग स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, चढाच्या दगडी रस्त्याच्या कडेला, व्हाइट ओकचं एक झाड उभं आहे. त्याच्याभोवती ग्रॅनाइटचे बुटके खांब आणि त्यांच्यातून ओवलेली लोखंडी साखळी. गावात त्याला 'द ट्री दॅट ओन्स इटसेल्फ' म्हणतात, म्हणजे स्वतःचं स्वतः मालक असलेलं झाड. गोष्ट अशी सांगतात की एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कर्नल विल्यम जॅक्सन नावाच्या गृहस्थांनी, लहानपणी ज्याच्या सावलीत खेळले त्या झाडाला, चक्क बक्षीसपत्र करून दिलं. कुणाच्या नावे? झाडाच्याच. तिथल्या दगडावर त्यातलं वाक्य कोरलंय. त्याचा अर्थ साधारण असा: या झाडावर माझा फार जीव आहे, ते सदासर्वकाळ सुरक्षित राहावं अशी माझी तळमळ आहे, म्हणून हे झाड आणि त्याच्या चारही बाजूंची आठ फूट जमीन मी त्याचं त्यालाच देऊन टाकतो.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी दगडापाशी बराच वेळ उभी राहिले. जमिनीचे कागद मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या घरात तीन पिढ्या हिश्शांवरून भांडण चाललंय. चतुःसीमा, फेरफार, सामाईक विहीर हे शब्द मी बालगीतांच्या बरोबरीने ऐकत मोठी झाले. पण जमीन देण्याचं कारण म्हणून 'जीव आहे' असं लिहिलेला कागद मी कधी ऐकला नव्हता.

आम्ही तिथे गेलो ते मात्र झाड बघायला नाही, डबी शोधायला. लेटरबॉक्सिंग हा आमचा दोघींचा गेल्या दोन वर्षांतला छंद. कुणीतरी एक लहानशी डबी कुठेतरी लपवून ठेवतं. आत हाताने कोरलेला एक शिक्का आणि एक वही. डबीपर्यंत पोचायच्या खुणा कोड्यासारख्या लिहिलेल्या असतात. आपण आपला शिक्का आणि आपली वही घेऊन निघायचं, डबी सापडली की तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत, आणि डबी होती तशी, होती तिथेच लपवायची. बक्षीस नाही, गुण नाहीत. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर हे सुरू झालं. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या चिखलदलदलीतल्या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर जो पोचेल त्याने तिच्यात आपल्या नावाचं कार्ड टाकायचं. पुढे लोक आपल्याच पत्त्याची पत्रं तिथे ठेवून यायला लागले आणि मागून येणारा ती नेऊन पोस्टात टाकायला लागला. नावातलं 'लेटर' ते हे. अमेरिकेत ही गोष्ट पसरली १९९८ मध्ये, स्मिथसोनियन मासिकात तिच्यावर लेख आल्यावर.

शिक्का शक्यतो आपला आपणच कोरायचा असतो. आम्ही पांढरं खोडरबर घेतलं आणि काय कोरायचं यावर आठवडाभर बोललो. तिला मांजर हवं होतं. शेवटी कोरलं 'ळ'. कारण सांगते. इथे वाढलेल्या बऱ्याच मुलांसारखा तिला ळ म्हणता येत नाही. जीभ मागे वळतच नाही. बाळचं बाल होतं, काळाचं काला, आणि आजीने फोनवर पाच वेळा म्हणवून घेतलं की ती फोन माझ्याकडे देऊन निघून जाते. मला वाटलं, तोंडातून येत नाही तर हातातून तरी येऊ दे. शिवाय शिक्का कोरताना अक्षर उलटं काढावं लागतं आणि त्यात नवशिक्याची दमछाक होते, पण ळ उलटा काढला तरी जवळजवळ ळच दिसतो. कटरने मधला दांडा ठेवून दोन्ही बाजूंच्या वाट्या कोरताना माझा हात थरथरत होता. डाव्या वाटीचा टवका उडाला तो उडालाच. पण जांभळ्या शाईत तो उमटला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. आता जॉर्जियातल्या कितीतरी झाडांच्या मुळांत, पुलांखाली, भिंतींच्या फटीत लपलेल्या वह्यांमध्ये आमचा टवका उडालेला ळ आहे. एका वहीत आमच्यानंतर आलेल्या कुणीतरी त्याच्याशेजारी बारीक अक्षरात विचारलं होतं, हे कोणतं फुलपाखरू? ते वाचून ती दिवसभर हवेत होती.

अथेन्सची डबी कुठे होती ते सांगणार नाही, तसा रिवाज आहे. झाडापाशी नव्हती एवढं सांगते. खुणांच्या पहिल्याच ओळीत बजावलं होतं की झाडाच्या जमिनीवर पाऊल न ठेवता पाठ त्याच्याकडे करून उभे राहा, आणि तिथून चालायला लागा. लेकीने हे फार गंभीरपणे घेतलं. साखळीपासून हातभर अंतरावर, टाचा जुळवून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी ती उभी राहिली. पावलं मोजत गेलो. एका जागी ओल्या पानांखाली हात घातला, तर थंड, गुळगुळीत झाकण लागलं. तो क्षण मला अजून नवा वाटतो. माती उकरणाऱ्या बोटांना अचानक माणसाने ठेवलेली वस्तू लागते आणि छातीत काहीतरी लकाकतं. डबीत दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली वही, शिक्क्यावर ओकचं पान, त्याच्या गोलसर बोटांसकट. आम्ही शिक्के घेतले, दिले, सगळं परत गुंडाळलं, वर पानं सारखी केली आणि झाडाला निरोप द्यायला मागे आलो. तेव्हाच मी तिला झाडाची पुढची गोष्ट सांगितली. ती ऐकत असताना तिचा हात साखळीखालून आत गेला असणार.

पुढची गोष्ट अशी की कर्नलसाहेबांनी ज्याला खत करून दिलं ते झाड आता नाही. १८९० मध्ये गावातल्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर ही कहाणी छापली, तोवर ते जुनं धूड शंभर फुटांच्या वर गेलेलं होतं. मुळांवरची माती वाहून जायला लागली तेव्हा जॉर्ज फॉस्टर पीबडी या दानशूर माणसाने पैसे दिले, नवी माती घातली, खांब आणि साखळी बसवली. १९०७ च्या हिमवादळात झाडाने मार खाल्ला. पोखरत पोखरत ते उभं राहिलं आणि ९ ऑक्टोबर १९४२ ला कोसळलं. आता मालकच गेला म्हटल्यावर जमीन कुणाची? पण गावातल्या काही जणांनी त्याच्या बिया आधीच रुजवल्या होत्या. तिथल्या बागप्रेमी बायकांच्या मंडळाने त्यातलं एक रोप डिसेंबर १९४६ मध्ये आणून त्याच जागी लावलं. आज साखळीत उभं आहे ते हे, मालकाचं पोर. वारसाहक्काने जमीन त्याच्याकडे आली असं सगळं गाव मानतं.

कायदा मानत नाही. बक्षीसपत्र घ्यायला घेणारा लागतो, सही करायला, ताबा घ्यायला. झाड यातलं काही करू शकत नाही. मूळ खत कुठल्या दप्तरात सापडलेलंही नाही. तरी त्या साखळीवरून गाडी घालायचं कुणाच्या मनात येत नाही. रस्ता अरुंद आहे, झाड जवळजवळ रस्त्यातच आहे, पण गाड्या त्याला वळसा घालून जातात. मी तिथे उभी असताना एक डिलिव्हरीची गाडी आली. चालकाने वेग कमी केला, खिडकीतून झाडाकडे पाहिलं आणि हळूच बाजूने गेला. कागद नाही, निवाडा नाही, आणि तरी हक्क शाबूत आहे. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

कारण आमच्याकडे रवळनाथाची राई होती.

गावाच्या वरच्या अंगाला, शेवटच्या मांगराच्या पलीकडे चिऱ्यांचा एक पडका गडगा, आणि त्याच्या आत अंधार. भर मे महिन्यात, डोळ्यांपुढे उन्हाचे ठिपके नाचत असताना, गडगा ओलांडला की पाठीवर ओला पंचा टाकावा तसं वाटायचं. चपला बाहेर. पायाखाली पानांचा जाड थर, वरून कोरडा, खालून दमट, आणि त्याचा वास कुजका नाही, ओल्या सुपारीसारखा. बेहडा, किंजळ, सातवीण, आणि सगळ्यांना कवेत घेत, पिळे देत वर गेलेली गारंबी. माणसाच्या मांडीएवढा जाड वेल. त्याच्या शेंगा माझ्यापेक्षा उंच असायच्या, लाकडी, गाठीगाठींच्या, तलवारीसारख्या लटकलेल्या. शेंग फुटून खाली पडली की आतून बिया निघत. चपट्या, गोल, गडद तांबूस आणि इतक्या गुळगुळीत की मुठीत धरली की सोडवत नाही. दगडावर घासून तापवायची आणि भावाच्या दंडाला चटका द्यायचा, हा तिचा आम्हाला ठाऊक असलेला उपयोग.

मी आठ वर्षांची असेन. राईतली काडीसुद्धा घरात आणायची नाही हे मला पाठ होतं. वाळकी फांदी पडली तरी ती तिथेच कुजायची, गावात चूल पेटवायला लाकूड नसलं तरी. पण बी म्हणजे काही काडी नव्हे, असं मी मनाशी ठरवलं आणि एक बी परकराच्या खिशात टाकली. आजी पडवीत सुपं सारवत होती. तिने मान वर केली, माझ्या खिशावरच्या हाताकडे पाहिलं. "ह्या खंयसून आणलंस?" मी गप्प. तिने शेणाचा हात धुतला, पदराला पुसला, बी माझ्या मुठीतून काढून उजेडात धरली. "ता देवाचा असा. चोरी केलंस तू." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोनाड्यातून एक नारळ काढला, माझं मनगट धरलं आणि भर दुपारी मला राईत घेऊन गेली. पाषाणासमोर नारळ ठेवला. मग तिने सुरू केलं गाऱ्हाणं, त्या लांबलचक, चढत्या सुरात, जो मी तोवर फक्त देवळात पुरुषांच्या तोंडून ऐकला होता. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडसून चूक झाली, अज्ञान लेकरू असा, ता पोटात घाल, तिची राखण कर. आणि प्रत्येक तुकड्याशेवटी माझं मनगट दाबायची, म्हणजे मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज बारीक निघत होता. वर कुठेतरी धनेश उडाला, त्याच्या पंखांचा फसफस आवाज झाला आणि मला वाटलं, देवाने ऐकलं.

आपल्याकडे कायद्यातही देव जमिनीचा मालक असू शकतो. सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, कोर्टात देवाच्या वतीने दावा चालतो, माणूस फक्त वहिवाटदार. मोठी झाल्यावर हे कळलं तेव्हा मला राई आठवली होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया पायी फिरून नोंदवत होते. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना मधेच हा हिरवा ठिपका कसा टिकला, याचं कारण त्यांना गावागावांतून मिळालं ते हेच, इथलं काही न्यायचं नाही. तो धाक नसता तर गारंबी मी चित्रातच पाहिली असती. हे मला पटतं, आणि तरी त्या दुपारची माझ्या मनगटावरची आजीची बोटं आठवली की आजही पोटात खड्डा पडतो. दोन्ही खरं आहे. आजीने मला राई दिली आणि आजीनेच मला त्या राईची भीती दिली, आणि यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकायची सोय नाही.

लेकीच्या बाबतीत मात्र मी फक्त दुसरं दिलं होतं. शब्द आजीचा वापरला. नारळ काढला नाही, हात धरून कुठे नेलं नाही, तिच्या वतीने कुणाशी बोलले नाही. शिक्षा सुनावली आणि दिवा मालवला.

सकाळी तिची माफी मागितली. ती दुधात कॉर्नफ्लेक्स बुडवत होती. म्हणाली, "खार पण नेते आतून. तिला कोणी विचारत नाही." मी म्हटलं, खरंय. मग आम्ही ती बी वाटीभर पाण्यात टाकली. पोकळ असली, किड्याने पोखरलेली असली तर तरंगते. ही सरळ तळाशी गेली आणि कुशीवर पडून राहिली. ठरलं असं की पुढच्या रविवारी जाऊन साखळीच्या आत ठेवून यायची. तोवर ओल्या कागदात गुंडाळून, डबीत घालून फ्रिजच्या दारात ठेवली. पण पुढच्या रविवारी तिला ताप आला, त्याच्या पुढच्या रविवारी माझं काम निघालं. डबी उघडली तेव्हा कागदाला आतून काहीतरी टोचत होतं. बीचं टोक उकललं होतं आणि त्यातून एक पांढरं, जाडसर बोट बाहेर येऊन खाली वळलं होतं. नखाएवढं. टोकाला किंचित पिवळसर. व्हाइट ओकच्या बिया वसंताची वाट बघत नाहीत, झाडावरून पडल्या की त्याच थंडीत रुजतात, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी आम्ही दोघी फ्रिजचं दार उघडं टाकून त्या बोटाकडे बघत होतो आणि फ्रिज टिंग टिंग करून आम्हाला दार लावायला सांगत होता.

आईला कुडाळला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. साखळी, खत, कर्नल, डबी. तिला डबीचं काही कळलं नाही, झाडाचं लगेच कळलं. म्हणाली, "अगो, कोंब इल्यार ता परत कसा ठेवतलंस? आता ता वाढवक होया." आणि थोड्या वेळाने, "पण जावन सांगान ये त्येका. न सांगता ठेवन घेव नये."

दुधाच्या मोठ्या रिकाम्या कॅनचं तोंड कापलं, तळाला खिळा तापवून भोकं पाडली, माती भरली. ओकचं मूळ आधी खोल जातं, म्हणून भांडं उंच लागतं. बी आडवी ठेवून वर बोटभर माती लोटली. त्यानंतर काहीच दिसलं नाही. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, खिडकीत नुसती मातीने भरलेली कॅन. वर कोंब वसंतातच येतो, तोवर सगळं काम खाली चालतं. ती रोज शाळेतून आल्यावर मातीला बोट लावून ओल बघायची. मला मधेच वाटायचं की मेली असेल. तिला तसं एकदाही वाटलं नाही. आमच्या घराला अंगण नाही, उद्या हे झाड झालं तर लावायचं कुठे हा विचार मी रात्री करत असे, आणि ती करत नसे.

फेब्रुवारीत गेलो अथेन्सला. झाड निष्पर्ण होतं. फांद्यांचं सगळं गणित आभाळावर उघडं पडलेलं, खोडाची साल राखाडी, सुटत आलेल्या पापुद्र्यांची. दगडी रस्ता पावसाने काळा झाला होता. इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ माझ्या पिशवीत होता. तो मी खांबाच्या बाहेर, गवतात ठेवला. कुत्रा घेऊन फिरायला निघालेल्या एक बाई थांबल्या, नारळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, हसल्या आणि काही न विचारता पुढे गेल्या.

मी लेकीला सांगितलं होतं, तूच बोल, तुला येईल त्या भाषेत बोल. मला वाटलं इंग्रजीत बोलेल. ती साखळीपासून हातभर अंतरावर, टाचा जुळवून उभी राहिली. या वेळी तोंड झाडाकडे. बराच वेळ काही बोलेना. मग मराठीत म्हणाली, "तुझी एक बी माझ्याकडे आहे. मी न विचारता घेतली. आता तिला मूल आलंय."

मूळ म्हणायचं होतं तिला.

मी दुरुस्त केलं नाही. तिचं मनगट धरलं, हलकंच, आणि आजीच्या सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा."